तीन नंबरच्या चेंबरचा स्लो लॉग

मी अमावास्येला केस धुणारी बाई आहे. शनिवारी चपला विकत घेते. मांजर आडवं गेलं तर गाडी थांबवते ती एवढ्याचसाठी, की ते बिचारं चाकाखाली येऊ नये. सासूबाई म्हणतात, हिला सांगून काही उपयोग नाही, ही कॉम्प्युटरवाली. या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, आणि वाचता वाचता मनात प्रत्येकाला उत्तर देत असते... वायर सैल असेल, डोळा लागला असेल, बीपी लो झाला असेल. तेव्हा वाचणारे मलाही अशीच उत्तरं देणार हे मला माहीत आहे. जरूर द्या. ती सगळी मी स्वतःला देऊन झाली आहेत.

माझं नाव वैशाली. नागपूरला मनीषनगरात राहते आणि तिथेच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसचं काम बघते. आम्ही मोजकी माणसं. आमचं सॉफ्टवेअर विदर्भातल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे चालतं – कोणाचा माल, किती बोरे म्हणजे पोती, कुठल्या चेंबरमध्ये, आत तापमान काय. ही गोष्ट सावनेर रोडवरच्या एका कोल्ड स्टोरेजमधली, मागच्या उन्हाळ्यातली. त्या जागेचं नाव देत नाही, कारण ती अजून चालू आहे आणि तिथे शेतकऱ्यांचा माल आहे.

तिथले मॅनेजर देवरावजी. साठीला टेकलेले, जवळच्याच गावचे, घरी थोडी कपाशीची शेती. कोल्ड स्टोरेज उभं राहिलं तेव्हापासून ते तिथे होते. आमच्या सॉफ्टवेअरवर त्यांचा राग होता आणि तो ते लपवत नसत. दुपार झाली की तिथला स्क्रीन अडकायचा, बाहेर ट्रॅक्टरवाले खोळंबायचे, आणि मला फोन यायचा, "मॅडम, तुमची मशीन पुन्हा झोपली." मी इथून बघायची तर सगळं ठीक दिसायचं. मग ते म्हणायचे, "म्हणजे मी खोटं बोलून राहिलो का?"

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डेटाबेसला एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार वेळ लागला की तो प्रश्न एका लॉगमध्ये उतरतो. त्याला आम्ही स्लो लॉग म्हणतो. पण त्या लॉगमध्ये फक्त किती वेळ लागला एवढंच कळतं, का लागला ते नाही. घरचं माणूस इतवारीच्या बाजारात गेलं आणि दुपार घालवून आलं, तर लॉग एवढंच सांगणार की दुपार गेली. ती दुकानं फिरण्यात गेली की गल्लीत एखाद्या टेम्पोमागे अडकून उभं राहण्यात, ते नाही सांगणार. ते सांगू शकतो तो डेटाबेसच्या पोटातला भाग – स्टोरेज इंजिन. डिस्कवरून माहितीची पानं काढून आणणारा तोच, आणि एकाने तक्त्यातली एखादी ओळ, म्हणजे एखादी नोंद, धरून ठेवली असेल तर दुसऱ्याला 'थांब' म्हणणाराही तोच.

माझा सहकारी निखिल – वयाने माझ्याहून लहान, पण कामात पक्का – त्याने स्टोरेज इंजिनचे आकडे स्लो लॉगमध्येच उतरतील अशी जोड लिहिली. प्रत्येक ओळीपुढे तीन नव्या गोष्टी : डिस्कवरची पानं किती वाचली, मेमरीतली किती, आणि दुसऱ्यासाठी थांबण्यात किती वेळ गेला. आमच्या टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर आलं. मग ठरलं की देवरावजींच्या सर्व्हरवर आधी टाकायचं.

मे महिना होता. ऊन चढायच्या आत मी गाडी काढली आणि सकाळीच सावनेर रोडला पोचले. त्या दिवशी बाजार बंद होता म्हणून हमाल नव्हते. गेटवर एक वॉचमन आणि आत देवरावजी, बस. कोल्ड स्टोरेजचा व्यवहार मालकांची सून स्मिता बघते, ती सावनेरला राहते. तिला फोन करून सांगितलं की काम सुरू करते आहे. सर्व्हर ऑफिसमधल्या लोखंडी कपाटात असतो. तो बंद केला, निखिलची जोड टाकली, पुन्हा सुरू केला, कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. सर्व्हरला स्वतःची बॅटरी आहे आणि सिमकार्डवालं वेगळं राउटर आहे, त्यामुळे तिकडची लाइट गेली तरी निखिलला मनीषनगरहून लॉग दिसत राहतो.

जेवणाच्या वेळेपर्यंत चोर सापडल्यासारखा वाटला. निखिलचा फोन आला. म्हणाला, अडकणारा प्रश्न दर वेळी तीन नंबरच्या चेंबरबद्दलच असतो, आणि तो वाचत जवळजवळ काहीच नाही, सगळा वेळ थांबण्यात जातो. म्हणजे तीन नंबरची ओळ कोणीतरी धरून ठेवत होतं. असं करू शकणारी एकच वस्तू माझ्या डोक्यात आली – त्या चेंबरमधली तापमान पाठवणारी डबी. बिघडली असेल, ओळ धरत असेल आणि सोडायला विसरत असेल. मी लॅपटॉप बंद केला आणि देवरावजींना म्हटलं, चला, ती डबी काढून आणू. त्यांना आनंद झाला. बिघाड मशीनचाच निघाला ना, असं दोनदा म्हणाले.

बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन. देवरावजींच्या डोक्याला पांढरा दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात कांदा – ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात तसा. माझ्या अंगात पातळ कॉटनचा कुर्ता. स्कार्फ आणि सनकोट मी गाडीतच ठेवले होते. आत जाऊन डबी काढायची आणि बाहेर यायचं, पाच मिनिटांचं काम.

तीन नंबरमध्ये लाल मिरची होती. जमिनीपासून पार वरपर्यंत बोरेच बोरे, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. दार वीतभर जाडीचं, आत फोम भरलेलं. ते मिटू नये म्हणून देवरावजींनी त्याला लाकडाचा गुटका लावला. आत पाऊल टाकलं की आधी बरं वाटतं, सगळा घाम एकदम वाळतो, आणि मग मिरचीची धग घशाला लागते. डबी सगळ्यात मागच्या भिंतीवर होती. मी ती उतरवली, वायर सोडवली, खिशात टाकली.

तेवढ्यात मागे आवाज झाला. मोठा नव्हता, गादी पडल्यासारखा. कानांत दडे बसल्यासारखं झालं. आम्ही दाराकडे वळलो आणि वाटेतच दिवे गेले. वरच्या पंख्यांची घरघर हळूहळू मंद होत थांबली.

गुटका सरकला असेल. दार जड आहे, जमीन थोडी उतरती आहे. त्यात काही गूढ आहे असं मी म्हणत नाही.

देवरावजी अगदी निवांत होते. म्हणाले, लाइन गेली असेल, येईल. आणि अशा दाराला आतून एक दांडा असतोच, तो ढकलला की उघडतं. मी मोबाइलचा टॉर्च लावला, त्यांनी दांडा ढकलला. मग खांदा लावून ढकलला. मग आम्ही दोघांनी मिळून. तो अर्धा आत जायचा आणि अडायचा. देवरावजी थांबले, हात पुसले आणि दाराकडे बघत म्हणाले, "हमालांनी सांगितलं होतं मले, दांडा अडते म्हणून. म्हटलं, करू."

  मोबाइलला रेंज नव्हती. त्या भिंतींतून रेंज येतच नाही. आम्ही ओरडलो, दारावर लाथा घातल्या, एक फळी सापडली तिने बडवलं. पण फोमवर मारलेला मार फोमच खातो. आपलाच आवाज आपल्या अंगावर परत येतो. वॉचमन गेटवर, कडुनिंबाखाली, तिथवर काय ऐकू जाणार. आणि मला शोधायचं कारण तरी कोणाला होतं? घरी सांगून आले होते की संध्याकाळ होईल.

बंद लिफ्टमध्ये अडकणं वेगळं. तिथे निदान माणसाला वाटतं की बाहेर कोणीतरी बटण दाबून वाट पाहत असेल. इथे कोणीच कशाची वाट पाहत नव्हतं. बाहेर भर दुपार होती, रस्त्यावरून ट्रक जात असतील, लोक उसाचा रस पीत असतील, आणि त्या सगळ्यापासून आम्ही एका दाराएवढे दूर होतो. श्वास घेतला की मिरची. खोकला आला की थांबेना. मला एक विचित्र भीती वाटली, की आपण पुरेल एवढी हवा वापरून टाकली तर... म्हणून मी हळू श्वास घ्यायला लागले, आणि त्याने आणखीच घुसमटायला झालं.

पंखे बंद होते, पण थंडी कुठे जाणार. हजारो बोऱ्यांत मुरलेली थंडी ती. आधी बोटं गेली, मग पायाचे तळवे, मग दात वाजायला लागले. कोपऱ्यात तागाच्या पोत्यांचे रिकामे बारदाने होते, ते आम्ही अंगावर घेतले. त्यांना मिरचीची भुकटी लागलेली, मानेला आग व्हायची, आणि थंडीही वाजायची. दाराजवळच्या एका फळीवर आम्ही बसलो. बॅटरी वाचवायला मी टॉर्च बंद केला.

देवरावजी बोलत होते, ते मीच बोलायला लावत होते. त्यांची मुलगी कळमेश्वरला दिलेली, तिला आंबट आंबा आवडतो. कपाशीत या वेळी काय लावायचं. आमच्या सॉफ्टवेअरबद्दलही बोलले. म्हणाले, ते आल्यापासून मालक स्क्रीनला विचारतात, मला नाही. मग मध्ये मध्ये थांबायला लागले. शब्द जड यायला लागले.

"पोरी," ते म्हणाले. मी मॅडमची पोरी कधी झाले ते कळलं नाही. "मले झोप येऊन राहिली."

झोपू नका काका, मी म्हटलं. उठा, दार वाजवा, हात हलवा. ते कण्हत उठले. त्यांचे पाय घासत जाताना ऐकू आले.

मग फळीची ठकठक सुरू झाली. त्या आवाजाच्या मधल्या शांततेत मला श्वास ऐकू यायला लागला. देवरावजींचा श्वास घरघरता होता, तो दाराकडून येत होता. माझा माझ्याजवळ होता. हा तिसरा होता. संथ, खोल, गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा. आणि तो माझ्या मागून येत होता, जिथे फक्त बोरे होते.

मी म्हटलं प्रतिध्वनी असेल. मी माझा श्वास रोखला. तो चालू राहिला.

मग माझ्या खांद्यावरून बारदाना सरकला होता तो वर ओढला गेला. नीट, मानेपर्यंत, झोपेत पोरांच्या अंगावर आपण पांघरूण ओढतो तसा. मी म्हटलं, "काका, तुम्हीच घ्या, मला पुरे आहे."

"काय म्हणतेस?" देवरावजी म्हणाले. दाराकडून. फळी त्यांच्या हातातच होती.

मी किंचाळले नाही. मला नंतर सगळ्यांनी विचारलं, तू किंचाळली कशी नाहीस. खरं सांगते... माझ्या पाठीला ऊब लागत होती. कोणीतरी पाठीला पाठ लावून बसल्यासारखी. इतक्या थंडीत ती ऊब आली की डोळ्यांत पाणी आलं. मी टॉर्च लावला नाही. लावला तर ती जाईल असं वाटलं. मी मागे टेकले. भीती वाटायला हवी होती, ती बाहेर आल्यावर वाटली. आत मला फक्त एवढं वाटत होतं की आपण एकटे नाही, आणि हे जे कोणी आहे ते इथलं आहे, ते आपल्यासारखं आज आलेलं नाही.

मी देवरावजींना हाक मारून जवळ बसवलं. त्यांनाही हळूहळू बरं वाटायला लागलं असावं, कारण ते कण्हायचे थांबले. आम्ही तसेच बसून राहिलो. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही.

दार उघडलं तेव्हा प्रकाश अंगावर आदळला आणि त्याच्यामागून गरम वारा. स्मिता उभी होती, मागे वॉचमन. तिने मला हाताला धरून ओढलं, वॉचमनने देवरावजींना उचललं. व्हरांड्यात, जिथे एरवी त्या वेळेला पाय ठेववत नाही, त्या तापलेल्या फरशीवर आम्ही दोघं पडलो आणि मला वाटलं, यापेक्षा सुंदर जागा जगात नाही. स्मिता माझे तळवे चोळत होती. देवरावजींचे ओठ निळे पडले होते. त्यांनी पाणीही घेतलं नाही. स्मिताचा पदर धरला आणि विचारलं, "ताई, तिसऱ्याले काढलं का?"

मी त्यांना आत एक शब्दही सांगितला नव्हता.

स्मिताला वाटलं हे थंडीने बरळत आहेत. तिने त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात पाठवलं. ते दोन दिवसांत घरी आले, हे आधीच सांगून टाकते. पण स्मिता आली कशी? तर निखिलमुळे.

आम्ही चेंबरमध्ये गेल्यावर थोड्या वेळाने निखिलला लॉगमध्ये ओळी दिसायला लागल्या. माझ्या नावाच्या. माझ्या लॉगिनने कोणीतरी तीन नंबरच्या चेंबरची ओळ मागत होतं. त्याला वाटलं मीच काही तरी चालवते आहे. पण पुढचे आकडे बघून तो चक्रावला – डिस्कवरचं एकही पान वाचलेलं नाही, मेमरीतलं एकही नाही. फक्त थांबणं. थांबण्याची एक मर्यादा असते, ती संपली की प्रश्न रिकाम्या हाताने परत जातो आणि लॉगमध्ये एक ओळ पडते. तशी ओळ पडायची, आणि लगेच तोच प्रश्न पुन्हा. तो म्हणाला, "ताई, कोणी कडी वाजवून राहिलं असं वाटलं मला." त्याने तो प्रश्न बंद करायला घेतला तर चालू असलेल्या कामांत तो होताच कुठे! कोणी ओळ धरून ठेवली आहे का ते पाहिलं, तर कोणीच नाही. मला फोन लागेना. ऑफिसात कोणी उचलेना. शेवटी त्याने स्मिताला फोन केला आणि म्हणाला, तीन नंबरमध्ये काही तरी गडबड आहे, एकदा बघून घ्या. तिने म्हटलं, काय गडबड? तो म्हणाला, मला सांगता येणार नाही, पण बघा. तिला त्याच्या आवाजात काय ऐकू आलं कोणास ठाऊक, ती गाडी घेऊन निघाली.

हे सगळं तो मला फोनवर सांगत होता, मी उन्हात बारदाना पांघरून बसले होते. माझा लॅपटॉप टेबलावर, मीच बंद केलेला. लाइट नव्हती म्हणून ऑफिसचं वायफाय बंद. सर्व्हरच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि ती डबीसुद्धा माझ्या खिशात, वायर सोडवलेली. मी त्याला हे सांगत होते आणि त्याने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर आलात ना?"

हो, म्हटलं.

"पुन्हा सुरू झालं."

मी मागे वळून पाहिलं. वॉचमनने सवयीने तीन नंबरचं दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी हमाल आले आणि स्मिताने तीन नंबर रिकामं करायला घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवून नाही. देवरावजी दवाखान्यातून तेच तेच विचारत होते म्हणून, आणि खरंच कोणी माणूस आत राहिला असला तर, म्हणून. मी गेले. घरी सगळे नको म्हणत होते तरी गेले. बोरे निघत गेले, मागची भिंत दिसली, फरशी दिसली. काहीच नव्हतं. उंदीरही नाही. निखिल फोनवर होता. दार उघडं असेपर्यंत लॉगमध्ये एकही ओळ पडली नाही. माल परत लावून संध्याकाळी दार बंद केलं आणि ओळ पडली. आम्ही पुन्हा उघडलं. थांबलं. लावलं. सुरू. स्मिता माझ्याकडे बघत होती. ती शिकलेली, व्यवहारी मुलगी आहे. तिने फक्त एवढंच विचारलं की हे मशीनमधलं आहे ना?

मी हो म्हटलं.

आणि आम्ही ते मशीनमधलं आहे असंच धरून वागलो. मी पासवर्ड बदलला. ओळी येत राहिल्या. मी माझं लॉगिनच काढून टाकलं. ओळी येत राहिल्या, फक्त नावाची जागा रिकामी आली. निखिलने स्वतः लिहिलेली जोड पहिल्या अक्षरापासून तपासली, दुसऱ्या ग्राहकांकडे तीच टाकून पाहिली. तिथे सगळं सुरळीत. आता तुम्ही म्हणाल की बग असेल. मीही ऑफिसात तेच सांगते. पण दार उघडं आहे की बंद, हे बगला कोण सांगतं? दारावर कुठलीच वायर नाही. आत डबीसुद्धा नव्हती.

यात मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. मे महिन्यात कोल्ड स्टोरेजचं दार उघडं ठेवता येत नाही. आत लोकांची वर्षभराची मिरची आहे. आम्हाला ते लावावंच लागलं. रोज लावावं लागलं. माझ्या पाठीला ज्याची ऊब लागली होती, मला आत ज्याने झाकलं होतं, त्याच्यावर मी उभी राहून दार लावून घेतलं. असं काही नसेलच, हे मला समजतं. समजूनही मी त्या रात्री जेवले नाही.

स्मिताच्या सासऱ्यांनी मग सांगितलं की ते नवीन आकडे लॉगमधून काढा. ते घाबरलेले नव्हते, पण हमालांच्या कानावर गेलं तर माल लावायला कोणी येणार नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. निखिलने जोड बंद केली. काढली नाही, बंद केली. एका ओळीत 'चालू'चं 'बंद' केलं. आता तिथल्या लॉगमध्ये पूर्वीसारखा फक्त वेळ दिसतो. स्क्रीन दुपारी अजूनही कधी कधी अडकतो, पण आता कोणी तक्रार करत नाही. निखिलने मला एकदा विचारलं की पुन्हा चालू करून बघू का, फक्त आपल्यापुरतं. मी नको म्हटलं. 

देवरावजी कामावर परत गेले नाहीत. मी त्यांच्या गावी भेटायला गेले होते. अंगणात खाटेवर बसले होते, तब्येत बरी होती. मी त्यांना विचारलं, आत तुम्हाला काय वाटलं होतं. त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. म्हणाले, "कोणीतरी मले धरून बसलं होतं, पोरी. लहान नोहे, मोठं नोहे. बस, धरून होतं." तिथे पूर्वी कोणी अडकलं होतं का, कधी काही घडलं होतं का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं तिथे काढली, असं काहीच नाही. जागा बांधायच्या आधी तिथे नुसतं रान होतं. म्हणजे जी गोष्ट सांगून मन शांत झालं असतं, तीही नाही.

त्यांनी त्यांच्या जागी आलेल्या माणसाला एकच गोष्ट सांगून ठेवली आहे – दार लावायच्या आधी आत आवाज द्यायचा.

मागच्या महिन्यात सर्व्हरच्या कामासाठी मला तिथे जावं लागलं. संध्याकाळ होत होती, हमाल हातपाय धुवत होते. नवीन मॅनेजर तीन नंबरच्या दारात उभा राहिला आणि सवयीच्या सुरात ओरडला, "कोणी हाय का गा आत?" आणि कान देऊन थांबला. मी व्हरांड्यात उभी होते. माझ्या ओठांवर आलं होतं, हो म्हणून सांगावं. पण काय सांगणार होते? कोण आहे म्हणून सांगणार होते? आतून काही आवाज आला नाही. त्याने दार ओढलं, खटका बसला, आणि तो हात झटकत माझ्याकडे चहाला चला म्हणायला आला.

मी गेले. चहा प्यायले. हे काय होतं ते मला आजही माहीत नाही.